सीरियावरचे निर्बंध उठले: घाई झाली की उशीर?

मलप्रभा

नमस्कार मंडळी. १८ डिसेंबर २०२५ ला अमेरिकेच्या संरक्षण खर्चाच्या विधेयकावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली आणि त्यातल्याच एका कलमाने सीझर कायदा रद्द झाला. सीरियावरच्या निर्बंधांत सगळ्यात जाचक तोच होता. बेळगावात आमच्या अभ्यासगटात यावर बरीच वादावादी झाली आणि वेळ पुरला नाही, म्हणून हा धागा. खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या मंडळींनीही यावं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सीझर हे सीरियाचा हुकूमशहा असद याच्या सैन्यातल्या एका छायाचित्रकाराचं टोपणनाव. कोठडीत मेलेल्या माणसांचे फोटो काढून नोंद ठेवायची, हे त्याचं काम. २०१३ मध्ये तो असे सुमारे ५३ हजार फोटो लपवून देशाबाहेर घेऊन आला. त्यांच्यामुळे २०१९ च्या अखेरीस कायदा झाला आणि जून २०२० पासून लागू झाला. असद सरकारशी मोठा व्यवहार करणारी कंपनी जगात कुठलीही असो, तिच्यावर कारवाई होऊ शकत होती. त्यामुळे अमेरिकेशी काडीचा संबंध नसलेले व्यापारीही सीरियापासून लांब राहिले.

असद ८ डिसेंबर २०२४ ला पळून गेला. एकेकाळी अल-कायदाशी जोडलेल्या संघटनेचे म्होरके अहमद अल-शरा जानेवारीत हंगामी अध्यक्ष झाले. त्यानंतरचा वेग बघा. १३ मे २०२५ ला ट्रम्प यांनी रियाधमध्ये निर्बंध उठवण्याची घोषणा केली, त्याच महिन्यात युरोपीय संघाने आर्थिक निर्बंध काढले, ३० जूनला अमेरिकेचा आदेश निघाला, नोव्हेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने शरा यांचं नाव निर्बंधांच्या यादीतून वगळलं. याच काळात, मार्चमध्ये, किनारपट्टीवर अलावी लोकांच्या, म्हणजे असद ज्या अल्पसंख्याक पंथाचा त्यातल्या लोकांच्या, कत्तली झाल्या. खुद्द तिथल्या सरकारने नेमलेल्या समितीने मृतांचा आकडा १,४२६ दिला. जुलैमध्ये दक्षिणेकडच्या स्वेदा भागात द्रूझ या दुसऱ्या अल्पसंख्याक पंथाचे लोक मारले गेले.

माझं मत आधीच मांडते. निर्बंध उठायलाच हवे होते. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाने दहातले नऊ सीरियन दारिद्र्यरेषेखाली होते आणि असद गेल्यावर त्यांना त्या शिक्षेत ठेवायचं काही कारण उरलं नव्हतं. माझा आक्षेप वेगळा आहे. सामान्य माणसाची बँक आणि बंदूकवाल्यांची तिजोरी एकाच कुलपात होती आणि ते कुलूप एका झटक्यात काढलं गेलं. ब्रह्मदेशात हेच केलं होतं. त्याचं पुढे काय झालं हे आपण पाहिलंय.

येळ्ळूरकर

ताई, माहिती चांगली दिलीय. पण एक विचारू का? त्यांचा देश, त्यांचे निर्बंध. आपण बेळगावात बसून यावर डोकं कशाला खपवायचं? आमच्याकडं ऊस तुटायचा राहिलाय अजून.

रविवार पेठ

येळ्ळूरकर, मी सांगतो कशाला ते. आमची कडधान्याची पेढी आहे. तुमच्या घरच्या आमटीत जी तुरीची डाळ पडते, तिच्यातली थोडीबहुत ब्रह्मदेशातून आलेल्या लेमन तुरीची असू शकते. आपल्या देशात तूर कमी पडली की मुंबई आणि चेन्नई बंदरांकडं सगळ्यांचे डोळे लागतात. उडदाचं तर विचारूच नका. १ फेब्रुवारी २०२१ ला तिथं लष्करानं सत्ता घेतली आणि जून २०२१ मध्ये आपल्या सरकारनं त्यांच्याशी करार केला: वर्षाला अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर, पाच वर्षं. भारतानं त्यांच्यावर कधी निर्बंध घातले नाहीत, पण डॉलरमध्ये पैसे पाठवताना अडचण व्हायची. २०२४ मध्ये रुपया आणि तिथलं चलन क्यात यांचा थेट हिशेब सुरू झाला.

म्हणजे हा विषय आपल्या ताटातलाच आहे. माझ्यापुढचा प्रश्न असा, की हा पैसा शेतकऱ्याला जातो की फौजेला? तूर पिकते सगाईंग, मगवे, मंडाले या कोरड्या पट्ट्यात. सत्ता घेतल्यावर लष्करानं सगळ्यात जास्त गावं जाळली ती सगाईंगमध्येच. उद्या कुणी म्हणालं, तूर घेणं बंद करा, तर मार कुणाला बसणार? ज्याचं घर जळालं त्यालाच. मलप्रभाताई, याचं उत्तर द्या.

मलप्रभा

रविवार पेठ, उत्तर तुम्हीच अर्धं दिलंत. तूर लष्कर पिकवत नाही. लष्कराचा पैसा मुख्यतः वायूतून येतो, त्याशिवाय जेड, माणकं आणि सागवान. वायूचा सगळा व्यवहार एका सरकारी तेल महामंडळाच्या हातात आहे आणि २०२१ च्या लष्करी उठावानंतर ते लष्कराच्या ताब्यात गेलं. याशिवाय लष्कराचे स्वतःचे दोन मोठे उद्योगसमूह आहेत, बँकेपासून बिअरपर्यंत सगळ्यात त्यांचा हात.

आता २०११ पासूनची गोष्ट सांगते. थोडी लांबेल, पण माझा सगळा मुद्दा त्यातच आहे. मार्च २०११ मध्ये थेन सेन हे माजी सेनाधिकारी अध्यक्ष झाले. त्यांनी सप्टेंबरमध्ये लोकांच्या विरोधामुळे इरावती नदीवरच्या मित्सोन धरणाचं काम थांबवलं. ऑक्टोबरपासून राजबंदी सुटू लागले, जानेवारी २०१२ मध्ये तर एका दिवसात शेकड्यांनी सुटले. वृत्तपत्रांवरची पूर्वतपासणी गेली. एप्रिल २०१२ च्या पोटनिवडणुकीत लोकशाहीवादी नेत्या आँग सान स्यू की यांच्या पक्षाने ४४ जागा लढवून ४३ जिंकल्या. हा बदल खरा होता, तो नाटक होता असं मी म्हणणार नाही. युरोपीय संघाने त्याच महिन्यात निर्बंध स्थगित केले आणि एप्रिल २०१३ मध्ये शस्त्रबंदी सोडून बाकी सगळे कायमचे काढले. अमेरिका टप्प्याटप्प्याने गेली: जुलै २०१२ मध्ये गुंतवणूक मोकळी, नोव्हेंबरात जेड आणि माणकं वगळून आयात मोकळी. उरलेली चौकट ओबामांनी ७ ऑक्टोबर २०१६ ला काढली.

पण २००८ ची राज्यघटना जशीच्या तशी होती. संसदेतल्या पंचवीस टक्के जागा लष्कराच्या आणि घटनादुरुस्तीला पंचाहत्तर टक्क्यांहून जास्त मतं लागणार. म्हणजे लष्कराच्या परवानगीशिवाय एक ओळही बदलायची नाही. गृह, संरक्षण आणि सीमा ही तिन्ही खाती सेनापतीच्या हातात. यातलं एकही सुटलेलं नसताना लष्कराशी जोडलेल्या कंपन्यांवरचं उरलंसुरलं बंधन २०१६ मध्ये गेलं. दहा महिन्यांनी, २५ ऑगस्ट २०१७ नंतर, सात लाखांहून जास्त रोहिंग्या बांगलादेशात पळाले. जगाच्या हातात तेव्हा काय उरलं होतं? एकेका अधिकाऱ्याचं नाव यादीत घालणं, एवढंच. लष्कराच्या त्या दोन उद्योगसमूहांवर अमेरिकेचे निर्बंध आले ते थेट मार्च २०२१ मध्ये, उठाव होऊन रस्त्यावर पोरं मारली जात होती तेव्हा.

निर्बंध तसेच ठेवले असते तर रोहिंग्या वाचले असते, असा माझा दावा नाही. तो कुणालाच करता येणार नाही. पण हातातली शेवटची गोष्ट कधी सोडायची, हा निर्णय तिथे चुकला. एवढं मी ठामपणे म्हणेन.

उद्यमबाग कारागीर

मी फौंड्रीवाला. राजकारणातलं मला फार कळत नाही, व्यवहारातलं सांगतो. कायदा उठला म्हणून बँक उठत नाही. आम्ही पंपाची कास्टिंग देतो, ती पुढं दुसऱ्या कंपनीच्या पंपात बसून आफ्रिकेत जातात. सुदानवरचे अमेरिकेचे व्यापारी निर्बंध ऑक्टोबर २०१७ मध्ये कायमचे काढले. आम्हाला वाटलं, आता ऑर्डरी सुटतील. पण सुदान 'दहशतवादाला आश्रय देणाऱ्या देशां'च्या यादीत तसाच होता, त्यामुळं कुठली मोठी बँक एलसीला, म्हणजे मालाच्या पैशाची बँकेनं द्यायच्या हमीला, हात लावेना. कागद सगळे बरोबर, माल तयार, तरी 'आमच्या धोरणात बसत नाही' एवढंच उत्तर. शेतीपंप होते ओ ते. बंदुका नव्हत्या.

म्हणून ताई, तुम्ही म्हणता हे ठेवा, ते सोडा, ते कागदावर ठीक आहे. बँकेच्या माणसाला हे बारीक भेद करायचे नसतात. एक जरी निर्बंध राहिला तरी तो सगळ्या देशालाच नको म्हणतो.

निपाणीची लेक

कारागीरदादा अगदी बरोबर बोललात. मी सौदीत नर्स आहे आणि आमच्या वॉर्डात सुदानी सहकारी आहेत. त्यांना घरी बँकेतून पैसे पाठवता यायचे नाहीत. कुणी गावी निघालं की त्याच्याबरोबर पाकिटं जायची, औषधं जायची.

ब्रह्मदेशाचा धडा सगळे सांगतात, सुदानचा कुणी सांगत नाही. ११ एप्रिल २०१९ ला तिथला हुकूमशहा बशीर गेला. लोकांनी, त्यातही बायकांनी, रस्त्यावर बसून घालवला त्याला. अब्दल्ला हमदोक पंतप्रधान झाले. नागरी माणूस, अर्थतज्ज्ञ. सुदान त्या काळ्या यादीत १९९३ पासून होता, बशीरच्या पापांमुळं. नवं सरकार सांगत होतं की आमचं नाव काढा, त्याशिवाय कर्जमाफी नाही, जागतिक बँकेचा पैसा नाही. उत्तर काय मिळालं? आधी अमेरिकेच्या दूतावासांत १९९८ ला झालेल्या स्फोटांची आणि तिच्या युद्धनौकेवरच्या हल्ल्याची भरपाई द्या, ३३ कोटी ५० लाख डॉलर. ज्या सरकारकडं पावाला पीठ नव्हतं त्यानं ते जमवले. नाव निघालं १४ डिसेंबर २०२० ला. वीस महिने गेले त्यात! तोवर महागाई आभाळाला टेकली होती, पावाच्या आणि पेट्रोलच्या रांगा लागल्या होत्या, लोकांचा हमदोकवरचा विश्वास उडत चालला होता. २५ ऑक्टोबर २०२१ ला लष्करानं सत्ता घेतली. १५ एप्रिल २०२३ पासून दोन सेनापतींच्या फौजांमध्ये युद्ध.

माझ्या सहकाऱ्यांची घरं खार्तूममध्ये होती. आता ती माणसं कुठकुठं विखुरलीत. म्हणून मला 'हळूहळू सोडा, थांबून बघा' असं कुणी म्हणालं की राग येतो. ज्यांनी हुकूमशहाला घालवलं त्यांनाच थांबायला लावता तुम्ही.

चिकोडीचा वकील

दोन्ही बाजू पटतात. माझ्या धंद्याप्रमाणे मी विचारतो, अट कुठे लिहिली आहे?

दक्षिण आफ्रिकेचं उदाहरण घ्या. भारताने १९४६ मध्येच व्यापार तोडला होता, जगात सर्वांत आधी. अमेरिकेचा कायदा १९८६ चा, रेगन यांनी नकाराधिकार वापरला तरी काँग्रेसने तो मंजूर केला. त्या कायद्यातच निर्बंध कधी उठतील ते लिहिलं होतं: मंडेला आणि इतर राजबंद्यांची सुटका, आणीबाणी मागे, पक्षांवरची बंदी रद्द, वंशानुसार वस्त्या आणि नोंदणी ठरवणारे दोन कायदे रद्द, आणि वाटाघाटीला बसणं. प्रिटोरियाला, म्हणजे तिथल्या गोऱ्या सरकारला, नेमकं ठाऊक होतं की काय केलं म्हणजे काय मिळेल. जुलै १९९१ मध्ये थोरल्या बुश यांनी अटी पुऱ्या झाल्या म्हणून निर्बंध काढले. मंडेलांच्या पक्षाला ते घाईचं वाटलं, कारण काळ्या माणसाला अजून मत नव्हतं. पुढे निवडणुकीची तयारी पक्की झाल्यावर, सप्टेंबर १९९३ मध्ये, मंडेला स्वतः संयुक्त राष्ट्रांत उभे राहिले आणि म्हणाले की आता आर्थिक निर्बंध काढा. १९७७ ची शस्त्रबंदी मात्र निवडणूक होऊन नवं सरकार येईपर्यंत, मे १९९४ पर्यंत राहिली.

यात मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. अट आधी लिहिलेली होती. आणि उठवा असं म्हणणारा माणूस पीडितांमधला होता. सीरियाच्या बाबतीत रियाधमध्ये घोषणा झाली तेव्हा अट काय होती? शस्त्र आणि पैसा यांचा हिशेब कुणी मागितला? मला तरी दिसला नाही.

वडगावची सून

मी वाचत होते, एक मनात आलं ते लिहिते. आपण सीमाभागातली माणसं. तालुक्यात भाषिक अल्पसंख्याक पंधरा टक्क्यांहून जास्त असतील तर सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही निघाव्यात, असं ठरून कितीतरी दशकं झाली. घटनेत ३५० ब कलम आहे, त्यासाठी आयुक्त आहेत, त्यांचे अहवाल राष्ट्रपतींकडे जातात. आणि सातबाऱ्याच्या खिडकीवर सासूबाईंना मराठीत कागद मिळत नाही. म्हणून कुठलंही सरकार 'आम्ही सुधारणा केल्या' म्हणालं की मी विचारते, खिडकीवर काय बदललं?

येळ्ळूरकर

वहिनी, दुःख समजतंय, आम्हीही त्याच खिडकीवर उभे राहतो. पण तिथं माणसं मारून खड्ड्यात टाकलीत. आपला प्रश्न आणि त्यांचा प्रश्न एका मापानं मोजू नका, त्यांच्यावर अन्याय होईल.

वडगावची सून

मोजत नाही दादा. अहवालावर विसंबू नये, एवढंच म्हणायचं होतं.

मलप्रभा

वहिनी, तुमचा मुद्दा सीरियाला नेमका लागू होतो. सीझर कायदा रद्द करताना अमेरिकन काँग्रेसने एक सोय ठेवली आहे. चार वर्षं, दर १८० दिवसांनी, राष्ट्राध्यक्षांनी अहवाल द्यायचा: अल्पसंख्याकांना संरक्षण मिळतंय का, परदेशी लढवय्यांना सरकार आणि सुरक्षा दलांतल्या वरिष्ठ पदांवरून काढलं का, गुन्हेगारांवर खटले चालतायत का. प्रगती दिसली नाही तर निवडक निर्बंध परत आणता येतील. येतील, आणावे लागतील असं नाही. वकीलसाहेबांना हवी तशी अट ही नाही.

मग खिडकीवर काय बघायचं? मी एकच गोष्ट धरीन, बेपत्ता माणसं. असदच्या काळात लाखाहून जास्त माणसं गायब झाली. सैदनाया तुरुंगाची दारं उघडली तेव्हा बायका जमिनीवर पसरलेल्या कागदांत नवऱ्याचं, मुलाचं नाव शोधत होत्या. मे २०२५ मध्ये नव्या सरकारने बेपत्तांसाठी राष्ट्रीय आयोग नेमला. आयोगाचा कागद मला पुरेसा नाही. त्या बाईला नोंद मिळाली का, सामूहिक कबरींची राखण होते का, आणि मार्चमध्ये किनाऱ्यावर ज्यांची माणसं मारली गेली त्या अलावी बाईलाही तोच हक्क मिळतो का, हे विचारायला हवं. असदच्या बळींना न्याय आणि शरांच्या सैनिकांच्या बळींना गप्प बसायला सांगणं, याला मी प्रगती म्हणणार नाही.

रविवार पेठ

पण ताई, कारागीरच्या प्रश्नाचं काय? बँका बारीक भेद करत नाहीत.

मलप्रभा

हो, तो खरा अवघड प्रश्न आहे आणि त्यावर मी बराच विचार केलाय.

सहा महिन्यांच्या सवलती बँकेला चालत नाहीत. वीज केंद्र उभं करायला दहा वर्षांचं कर्ज लागतं, आणि सवलत संपली तर काय, या भीतीने कुणी ते देत नाही. म्हणून मी म्हणते, मध्यवर्ती बँक, वीज, औषधं, पाणी, शेतीपंप, घरी पाठवायचा पैसा, हे एकदाच आणि कायमचं मोकळं करा. त्यात परतीची भाषाच नको. निपाणीची लेक म्हणते ते इथे शंभर टक्के लागू. सुदानला हे एप्रिल २०१९ नंतर लगेच मिळायला हवं होतं.

दुसरीकडे बंधन देशावर नको, नावावर हवं. हे होऊ शकतं याचा पुरावा आहे. २८ मे २०२५ ला युरोपीय संघाने सीरियाचे आर्थिक निर्बंध काढले, त्याच दिवशी किनाऱ्यावरच्या कत्तलींसाठी तीन सशस्त्र गट आणि त्यांच्या दोन म्होरक्यांना यादीत घातलं. त्या म्होरक्यांना नव्या सैन्यात हुद्दे मिळाले होते. म्हणजे दमास्कसला नेमका निरोप गेला की तुमच्या लोकांना वीज मिळेल, पण या माणसांना सैन्यात ठेवलंत तर त्याची किंमत आहे. शस्त्रं आणि लष्कराच्या कंपन्या यांच्यावरचं बंधन सगळ्यात शेवटी निघावं, लष्कर निवडून आलेल्यांचं ऐकतं हे दिसल्यावर. सीरियात ऑक्टोबर २०२५ ची निवडणूक अप्रत्यक्ष झाली, २१० पैकी एक तृतीयांश सदस्य अध्यक्षच नेमणार, स्वेदा आणि ईशान्येकडच्या कुर्द भागात मतदान झालंच नाही. ते 'दिसणं' अजून लांब आहे.

निपाणीची लेक

पहिल्या भागाशी मी सहमत. दुसऱ्या भागाबद्दल मनात शंका आहे. सुदानमध्ये नावं यादीत घालून काय झालं? दोन्ही सेनापतींवर निर्बंध आहेत. सोनं दुबईला जातंच आहे, युद्ध चालूच आहे.

चिकोडीचा वकील

ते निर्बंध युद्ध पेटल्यावर आले. २०१९ ते २०२१ मध्ये, नागरी सरकार होतं आणि सेनापतींना जगात मान हवा होता, तेव्हा त्यांच्या कंपन्यांना कुणी हात लावला नाही. हमदोक स्वतः सांगत होते की लष्कराचे उद्योग सरकारी तिजोरीखाली आले पाहिजेत. त्या वेळी जगाने त्यांच्या पाठीशी राहायला हवं होतं. जगाने मात्र देशाला अडवून धरलं आणि सेनापतींना सोडलं, बरोबर उलटं.

निपाणीची लेक

हे मात्र पटलं. आमच्या वॉर्डातले हेच म्हणायचे.

रविवार पेठ

शेवटचा एक प्रश्न, तो माझ्या धंद्यातला. ब्रह्मदेशात डिसेंबर २०२५ मध्ये निवडणूक सुरू झाली. बाजारात बोललं जातंय की आता जग त्यांना जवळ करणार. अमेरिकेनं तर जुलै २०२५ मध्येच लष्कराच्या जवळच्या काही कंपन्या आणि माणसं यादीतून काढली. तुमच्या कसोटीवर हे बसतं का?

मलप्रभा

नाही बसत. मतदान झालं तेव्हा स्यू की तुरुंगात होत्या. त्यांचा पक्ष २०२३ मध्येच विसर्जित केलेला. ३३० पैकी कितीतरी तालुक्यांत मतदान नाही, कारण तिथे लष्कराचा ताबाच नाही. निवडणुकीवर टीका केली तर तुरुंगवास, असा कायदा त्यांनी मतदानाआधी केला. पंचवीस टक्के जागा तशाच. २०१२ मध्ये निदान कैदी सुटले होते, विरोधक निवडून आले होते. या वेळी तेही नाही, आणि ज्या कंपन्या मोकळ्या केल्या त्यातल्या काही थेट लष्कराला माल पुरवणाऱ्या. माझ्या क्रमानुसार ज्यांना सगळ्यात शेवटी सोडायचं, त्यांनाच सगळ्यात आधी सोडलं.

तुमची तूर चालू राहू द्या, शेठ. फक्त एक करा. निर्यातदार संघटनेतल्या लोकांना विचारा की सगाईंगच्या शेतकऱ्याच्या हातात किलोमागे काय पडतं आणि वाटेतल्या नाक्यांवर कोण काय घेतं. तुमच्याकडे ती माहिती येऊ शकते, आम्हा मास्तरणींकडे येणार नाही.

रविवार पेठ

विचारतो. यांगूनशी बोलणारा एक दलाल मुंबईत आहे, त्याच्याकडून कळेल. कळलं की इथंच टाकतो.